बिनडिस्कची यंत्रे

संगणक म्हटला की त्याच्या पोटात हार्ड डिस्क असते आणि आपण लिहिलेले सगळे तिथे राहते, एवढे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असते. पण पोटात डिस्कच नसलेला संगणकही असतो. त्याला पडदा असतो, कीबोर्ड असतो, काम चालू असेपर्यंत पुरेल एवढी तात्पुरती स्मृती असते. फक्त साठवून ठेवायला जागा नसते. वीज दिली की तो जागा होतो, पण आपण कोण आणि आपल्याला काय काम येते, यातले काहीच त्याला आठवत नाही. मग तो तारेवर हाक मारतो : माझा पत्ता काय, कुणी सांगेल का? तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेला मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर, त्याला पत्ता देतो, चालायला लागणारी प्रणाली देतो आणि शेवटी आपल्या डिस्कचा दरवाजा उघडून देतो. त्यानंतर ते यंत्र इतर कुठल्याही संगणकासारखे चालू लागते.

ही कल्पना नवी नाही. १९८२ साली अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स नावाची कंपनी निघाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला हे दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले. त्या काळी डिस्क फार महाग होती. प्रत्येक टेबलावर डिस्क देण्यापेक्षा एकाच ठिकाणी मोठी डिस्क ठेवावी आणि बाकीच्या यंत्रांनी ती तारेवरून वापरावी, असा साधा हिशेब होता. त्यासाठी १९८४ च्या सुमारास या कंपनीने 'नेटवर्क फाइल सिस्टिम' तयार केली. तिलाच एनएफएस म्हणतात. दूरच्या यंत्रावरची फाइल आपल्याच यंत्रावर आहे असे भासवणे, हे तिचे काम. तिचे नियम कंपनीने कुलपात ठेवले नाहीत. १९८९ मध्ये ते सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. २०१० मध्ये ओरॅकलने ती कंपनी विकत घेतली, पण एनएफएस जगभर चालूच राहिली. दूरची डिस्क अशी आपल्या यंत्राला जोडून घेण्याला 'माउंट' करणे म्हणतात. हा माउंट होत नाही तेव्हा काय करावे, याविषयी आम्ही इथे लिहीत आहोत. साहित्याच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. पण आमच्यासारख्या उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्याला तो तालीमचाच विषय वाटतो.

आम्ही जुन्नरमध्ये गणित आणि विज्ञान शिकवतो. संगणकाची खोली आमच्याकडे आली ती 'सरांना यातले थोडे कळते' या एका वाक्यावर. खोलीत १० यंत्रे होती. कुठून कुठून मिळालेली, वेगवेगळ्या वर्षांची. त्यांच्या डिस्क एकामागून एक गेल्या. आधी खरखर आवाज, मग काळा पडदा. नव्या डिस्क घ्यायला पैसे नव्हते. भंगारवाला येऊन वजनावर भाव सांगून गेला आणि शाळेच्या कमिटीच्या पुढच्या सभेत तो विषय ठेवायचा, असे ठरले.

ज्यांच्या घरी संगणक आहे त्यांना १० जुनी यंत्रे भंगारात जाण्याचे काही वाटणार नाही. आमच्या पोरांच्या घरी मोबाइल आहे, तोही अब्बांचा, आणि तो रात्री अब्बा घरी आल्यावर चार भावंडांत फिरतो. मोबाइलवर सफाईने बोट फिरवणाऱ्या मुलाला फाइल म्हणजे काय, ती कुठे ठेवली, उद्या कुठे सापडेल, हे माहीत असतेच असे नाही. मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. दहावीनंतर पुण्याला पाठवायला घरची मंडळी कचरतात. दुकानात बसून फॉर्म भरणे, टायपिंग शिकणे हेही अनेकींना जमत नाही. त्यांच्यासाठी कीबोर्डवर बोटे ठेवायची जागा म्हणजे शाळेतली ही एकच खोली. ती बंद झाली असती तर त्यांनी तक्रारही केली नसती. जे कधी नीट मिळाले नाही त्याची तक्रार कोण करणार?

बी.एड.ला आमच्यासोबत असलेले एक मित्र आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, मराठी माध्यमाच्या शाळेत आहेत. त्यांच्याकडे आदिवासी मुले येतात. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "सर, भंगारात देऊ नका. डिस्कशिवाय चालतात ती. आम्ही इथे तेच करतोय. एक बरा सर्व्हर तेवढा मिळवा." पुढच्या रविवारी आम्ही मोटारसायकलवर घोडेगावमार्गे त्यांच्या शाळेत गेलो. सहा यंत्रे चालू होती. मुले मराठीत टाइप करत होती. आम्ही मागच्या बाजूचे झाकण काढून पाहिले. आत डिस्कची जागा रिकामी होती.

शाळांत हा प्रयोग पूर्वीही झालेला आहे. गोव्यात २००० च्या आगेमागे परदेशात गेलेल्या गोवेकरांच्या पुढाकाराने जुने संगणक आणून, त्यांत लिनक्स घालून शाळांना देण्याचा उपक्रम झाला. केरळने २००१ मध्ये 'आयटी अ‍ॅट स्कूल' सुरू केले आणि पुढे सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअरच आणले. डिस्कशिवायच्या यंत्रांसाठी अमेरिकेत जिम मॅक्विलन यांनी 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट' सुरू केला, त्यालाही पंचवीसेक वर्षे झाली. २०१९ मध्ये ग्रीसमधल्या शाळांसाठी काम करणाऱ्या मंडळींनी तो नव्याने लिहून काढला. त्याला पैसे पडत नाहीत. सर्व्हरसाठी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या दुकानातला जुना पण धडधाकट संगणक दिला. कमिटीच्या अध्यक्षांनी भंगाराचा विषय एक सत्र पुढे ढकलला. "एक सत्र, सर. त्यानंतर नाही," असे ते म्हणाले होते. त्यामुळे यंत्र अडले की आमच्या छातीत धडधडायचे.

आणि यंत्रे अडत. डिस्क असलेला संगणक बिघडला तर तो एकटा बिघडतो. बिनडिस्कचे यंत्र अडले तर दोष त्याच्यात असेल, तारेत असेल, मधल्या पेटीत असेल, सर्व्हरमध्ये असेल किंवा सर्व्हरवरच्या एखाद्या यादीतल्या एका ओळीत असेल. पडदा मात्र सगळ्या वेळी सारखाच काळा. बी.एड.ला 'नैदानिक चाचणी' हा शब्द परीक्षेपुरता पाठ केला होता : विद्यार्थ्याला काय येत नाही एवढे पाहून थांबू नये, नेमके कोणत्या पायरीवर अडते ते शोधावे. या खोलीत त्या शब्दाला हातपाय फुटले.

पहिला प्रश्न पोरांना पाठ करायला लावला : एकच अडले आहे की सगळी? एकच अडले असेल तर त्याच्या मागे जा : तार, तारेची क्लिप, ते यंत्र. सगळी एकदम अडली असतील तर सगळ्यांच्या सामाईक गोष्टीकडे जा : मधला स्विच, सर्व्हर, वीज. दुसरा प्रश्न : कालपर्यंत चालत होते का? तिसरा : मध्ये काय बदलले? या तीन प्रश्नांच्या उत्तरांशिवाय कुणी कशाला हात लावायचा नाही.

त्यानंतर पायऱ्या. पहिली पायरी दिव्याची. तार जिथे खोचतो तिथे छोटा हिरवा दिवा लुकलुकतो. तो नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ. जुन्या इमारतीत उंदीर असतात आणि त्यांना तारेचे वेष्टण आवडते, हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही.

दुसरी पायरी पत्त्याची. यंत्र हाक मारते, त्याला सर्व्हरने पत्ता द्यायचा असतो. एकदा सकाळी काही यंत्रे सुरू होत आणि काही होत नसत. जे काल अडले ते आज चाले. कुणी म्हणाले, जुनी झालीत, लहरीवर आलीत. आम्ही तिसरा प्रश्न विचारला : मध्ये काय बदलले? शाळेच्या कचेरीत वायफायचा नवा डबा बसला होता आणि त्याची एक तार आमच्याच स्विचमध्ये खोचलेली होती. तो डबाही मागेल त्याला पत्ता वाटतो. यंत्राच्या हाकेला जो आधी ओ देईल त्याचे ते ऐकते. डब्याने दिलेला पत्ता चुकीचा नव्हता, पण पुढची प्रणाली कुठे मिळेल हे त्याला माहीत नव्हते. एका घराचा पत्ता सांगायला दोन माणसे उभी राहिली की पाहुण्याचे जे होते तेच यंत्राचे झाले. ती तार काढली आणि दुसऱ्या दिवशी १० पैकी १० उठली.

तिसरी पायरी म्हणजे प्रणालीचा गाभा तारेवरून यंत्रात उतरणे. तो उतरताना पडद्यावर ओळी धावतात. पोरांना हे दृश्य आवडते. ओळी धावल्या आणि मग थांबल्या तर आनंदच मानायचा, कारण याचा अर्थ तार, पत्ता आणि गाभा तिन्ही ठीक आहेत; आता अडले ते माउंटवर. चौथी पायरी हीच.

माउंट अडते त्याची कारणे ठरावीक आहेत. सर्वांत नेहमीचे : 'अ‍ॅक्सेस डिनाइड', प्रवेश नाकारला. सर्व्हरवर एक यादी असते. कोणती पेटी, कोणत्या पत्त्यांवरच्या यंत्रांना, फक्त वाचायला की लिहायलाही, हे त्यात ओळीओळीने लिहिलेले असते. पाण्यासारखे स्वच्छ. यंत्राचा पत्ता त्या ओळीत बसत नसेल तर सर्व्हर दार उघडत नाही. पत्त्यांची मालिका बदलली आणि यादीत जुनीच राहिली की काल घरचे असलेले यंत्र आज परके ठरते. यंत्रात काहीही बिघडलेले नसते. यादी दुरुस्त करायची आणि सर्व्हरला ती पुन्हा वाचायला सांगायचे; नुसती लिहून ठेवली तर तो जुन्याच यादीवर चालत राहतो. याद्यांमध्ये नाव असणे-नसणे यावरून माणसांचे काय होते ते आमच्या मोहल्ल्याला समजावून सांगावे लागत नाही. पोरे ही पायरी सगळ्यात लवकर शिकली.

दुसरे कारण भाषेचे. एनएफएसची तिसरी आवृत्ती १९९५ मधली, चौथी २००० नंतरची. जुन्या पद्धतीने उठणारी काही यंत्रे सुरुवातीला फक्त तिसरी बोलतात. नवा सर्व्हर फक्त चौथीच बोलायची असे ठरवून बसला असेल तर दोघेही धडधाकट असून बोलणे होत नाही. सर्व्हरला तिसरीही बोलायची मुभा दिली की त्याच क्षणी दार उघडते.

तिसरे कारण आम्हाला आंबेगावला कळले. मित्राच्या शाळेत एका सकाळी सगळ्या यंत्रांवर 'स्टेल फाइल हँडल' असे येऊ लागले. हँडल म्हणजे ओळखीची खूण. यंत्र फाइलला नावाने धरत नाही, सर्व्हरने दिलेल्या खुणेने धरते. सर्व्हरवरची एक पेटी पुसून त्याच नावाची नवी पेटी कुणी केली होती. नाव तेच, जागा नवी. यंत्रांच्या हातात जुन्या जागेची खूण होती आणि त्या जागी आता काहीच नव्हते. मित्र म्हणाले, "आमच्या तालुक्यासारखंच झालं हे." आंबेगाव नावाचा तालुका आहे, पण आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी घोडेगावला. कागदावर नाव शाबूत आहे आणि त्या नावाच्या जागी पाणी आहे. त्यांच्या वर्गात धरणाने उठवलेल्या घरांतली नातवंडे बसतात, त्यांना 'स्टेल हँडल' समजावायला एक मिनिट लागले नाही. इलाजही सोपा : जुना माउंट सोडून द्यायचा आणि नव्याने जोडायचा. जुनी खूण धरून ठेवली तर कितीही वेळ हाक मारली तरी उत्तर येत नाही.

चौथे कारण नाव आणि नंबराचे. फाइल कुणाची, हे आमच्या एनएफएसमध्ये नावावर ठरत नाही, नंबरावर ठरते. पडद्यावर नाव दिसते ते आपल्या सोयीसाठी. कचेरीतला एक लॅपटॉप सर्व्हरला जोडला, तेव्हा त्यावरून केलेल्या फाइली नववीतल्या एका मुलीच्या नावावर दिसू लागल्या. लॅपटॉपवरच्या पहिल्या माणसाचा नंबर १००० आणि सर्व्हरवर १००० नंबर त्या मुलीचा. दोन्हीकडचे नंबर जुळवून घेतले आणि प्रकरण मिटले. याचाच भाऊ म्हणजे 'नोबडी'. लिनक्समध्ये सर्वाधिकारी असलेल्या खात्याला रूट म्हणतात. पण दुसऱ्या यंत्रावरचा रूट एनएफएसच्या दारात आला की सर्व्हर त्याचे अधिकार काढून घेतो आणि त्याला 'नोबडी', म्हणजे कुणीच नाही, असे मानतो. आपल्या घरी बादशहा असशील, इथे नाहीस. सुरक्षेसाठी हे योग्यच आहे. पोरे यावर खूप हसली.

शेवटचे कारण सगळ्यांत शिकवणारे. एके दिवशी वीज गेली. यंत्रे आणि सर्व्हर इन्व्हर्टरवर होते, ते चालू राहिले. तरी दहाच्या दहा यंत्रे जागच्या जागी गोठली. ज्यांच्यावर ओळी दिसत होत्या तिथे एक वाक्य होते : 'सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग'. सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. एका मुलाने बटण दाबून यंत्र बंद करायला हात पुढे केला. शेजारची मुलगी म्हणाली, "रुक, ये मरेला नै. रस्ता देख रा." सगळी एकदम अडली, म्हणून सामाईक गोष्ट. ती मुलगी सरळ स्विचकडे गेली. स्विचची पिन व्हरांड्याच्या सॉकेटमध्ये होती आणि ते सॉकेट इन्व्हर्टरवर नव्हते. पिन आतल्या सॉकेटमध्ये लावली. काही क्षण गेले आणि पडद्यावर 'सर्व्हर ओके' अशी ओळ आली. ज्याने निबंधाची अर्धी ओळ लिहिली होती त्याची अर्धी ओळ तशीच होती. त्याने पुढची अर्धी लिहिली.

हे असे का घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. एनएफएसच्या सुरुवातीच्या आवृत्त्या अशा बेतल्या होत्या की कोणते यंत्र कुठपर्यंत आले, हे सर्व्हरने लक्षात ठेवायचे नाही. प्रत्येक मागणी स्वतःत पूर्ण असते : या खुणेच्या फाइलचा इतका भाग द्या. उत्तर आले नाही तर यंत्र तीच मागणी पुन्हा करते. सर्व्हर मधल्या वेळात बंद पडून उठला तरी बिघडत नाही. पुढची मागणी आली की तो उत्तर देतो. थोडा वेळ वाट पाहून 'चूक झाली' म्हणत सोडून देणारा माउंटही करता येतो, पण त्यात लिहिलेले अर्धवट राहून खराब होण्याची भीती असते. म्हणून लिहिण्याच्या कामासाठी न सोडणारा माउंटच ठेवतात. आमच्याकडे याला सब्र म्हणतात. सब्र म्हणजे हात बांधून बसणे असे अनेकांना वाटते. हे यंत्र तसे बसत नाही; ते विचारत राहते.

या व्यवस्थेचा एक मोठा फायदा आम्हाला उर्दूत मिळाला. नस्तालिक लिपी संगणकावर आणणे फार कठीण गेले. अक्षरे तिरकी उतरत जातात, शेजारी बदलला की रूप बदलते. १९८१ मध्ये नूरी नस्तालिक आला तोवर उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातानेच लिहिली जात. १० डिस्क असत्या तर नस्तालिकचा टाइप १० वेळा बसवावा लागला असता, आणि एखादे यंत्र तरी चौकोन दाखवत राहिले असते. इथे सर्व्हरवर एकदा बसवला, प्रणालीची प्रत नव्याने तयार केली आणि दुसऱ्या सकाळी दहाही पडद्यांवर उर्दू सुरेख उतरली. त्याच सर्व्हरवर मराठीही आहे. यंत्राला त्याचे काही वाटत नाही.

जवळच खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या; त्यांतल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर दूरवर पसरलेल्या. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या, म्हणजे विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे प्रदर्शन असते. तिथे पोरांना नेले तेव्हा कळले की तबकडी जे ऐकते ते प्रकाशतंतूंवरून मध्यवर्ती इमारतीत जाते आणि सगळ्यांचे एकत्र करूनच आकाशाचे चित्र तयार होते. परतताना बसमध्ये आमच्या पोरांचा वाद चालला होता : एका तबकडीची तार तुटली तर 'एकच अडले' म्हणायचे की 'सगळी'? आम्ही मध्ये पडलो नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती. आठवीत एक मुलगा आला. ज्या गावात उर्दू शाळा नाही तिथे तो सातवीपर्यंत मराठी शाळेत होता. मामाकडे राहायला आला आणि आमच्या शाळेत बसला. तोंडी विचारले तर उत्तर देई, वहीचे पान मात्र कोरे. पहिल्या घटक चाचणीनंतर स्टाफरूममध्ये त्याच्याबद्दल तेच वाक्य उच्चारले गेले जे सगळ्या स्टाफरूममध्ये उच्चारले जाते : याच्या डोक्यात काही राहत नाही. डोक्यात काही राहत नाही म्हणजे डिस्क नाही. पण डिस्क नसलेली १० यंत्रे आम्ही रोज चालताना पाहत होतो. म्हणून पायऱ्या लावल्या. दिवा आहे का? आहे, वर्गात लक्ष असते. हाक मारतो का? मारतो, हात वर करतो. गाभा उतरतो का? उतरतो, तोंडी सांगतो. मग अडते ते दारात. त्याला खोलीत बसवले आणि म्हटले, कीबोर्ड मराठी कर आणि प्रकाशाच्या अपवर्तनाबद्दल येते ते लिही. त्याने एक पान लिहिले, आकृतीसह समजावल्यासारखे. तो तिसरी आवृत्ती बोलत होता आणि आम्ही चौथीत विचारत होतो.

ते पान स्टाफरूममध्ये ठेवले. सगळे एकदम पटले असे झाले नाही. उर्दू शाळेत देवनागरीत उत्तरे कशी तपासायची, हा प्रश्न रास्तच होता. बोर्डाच्या परीक्षेला त्याला उर्दूच लिहावी लागणार. पण तोवर एक वर्ष त्याला दोन्ही लिप्यांत लिहू द्यायचे आणि रोज अर्धा तास नस्तालिक वाचायला बसवायचे, यावर मुख्याध्यापकांनी मान डोलावली. तो दहावीला काय करील ते आज सांगता येणार नाही. पण डोक्यात काही राहत नाही, असे त्याच्याबद्दल आता कुणी म्हणत नाही. हे वाक्य किती पोरांना भंगाराच्या भावाने तोलते, ते आम्ही शिक्षकांनी कधी मोजलेले नाही.

त्याच मुलाला आम्ही वहीचे काम दिले. खोलीत एक जाड वही आहे. प्रत्येक बिघाडाची तारीख, कोणते यंत्र, एक की सगळी, काय बदलले होते, कोणत्या पायरीवर सापडले, काय केले, हे तिच्यात लिहायचे. उजवीकडून नववीतल्या मुली उर्दूत लिहितात, डावीकडून हा मराठीत लिहितो. मराठीच्या पानांची प्रत आंबेगावच्या शाळेला जाते, त्यांच्या वहीची आमच्याकडे येते. जुन्नरला एकेकाळी हातकागद होई, आणि तो करणारे कागदी मुसलमान होते. त्या कागदावर इतरांची दप्तरे लिहिली गेली. ही वही गावातल्या दुकानातली आहे, पण तिच्यातले लिहिणे पोरांचे स्वतःचे आहे.

सत्र संपले तेव्हा १० पैकी आठ यंत्रे रोज चालत होती. दोन सुट्या भागांसाठी बाजूला काढली. सभेच्या कागदांवर भंगाराचा विषय पुन्हा आला नाही. चिंता संपली असे मात्र नाही. या रचनेत सगळे एका सर्व्हरवर उभे असते, आणि त्याच्या पोटात जी एकुलती डिस्क आहे तीही जुनीच आहे. ती गेली तर आठही पडदे काळे होतील, आणि त्या वेळी कितीही सब्र केला तरी 'सर्व्हर ओके' येणार नाही. म्हणून मित्राशी बोलून एक रिवाज पाडला. दर जुम्म्याला शाळा सुटण्याआधी नववीतल्या दोन मुली सर्व्हरवरच्या सगळ्या फाइलींची नक्कल एका बाहेरच्या डिस्कवर उतरवतात. महिन्यातून एकदा ती डिस्क घोडेगावमार्गे मित्राच्या शाळेत जाते आणि त्यांची डिस्क आमच्याकडे येते. सध्या आमच्या पोरांचे लिहिलेले त्यांच्या कपाटात आहे आणि त्यांच्या पोरांचे आमच्या.